साक्षगंधाआधी रक्ताचा कागद

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की शहर संपतं न संपतं तोच सावंगी (मेघे) येतं. इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर सकाळी थोडा वेळ नुसतं बसून पाहा. बाकावरच्या बहुतेकांच्या मांडीवर एक पिशवी असते. कुणाची बस्त्याच्या दुकानातली, कुणाची सोनाराकडची, कुणाची नुसतीच पातळ प्लॅस्टिकची. आत कागद असतात. घडीवर घडी पडलेले, पाच-सहा वर्षांचे, वेगवेगळ्या गावच्या लॅबचे.

समजा अशा एका पिशवीत एकाच मुलाचे तीन कागद आहेत. एकावर 'सिकलिंग पॉझिटिव्ह', दुसऱ्यावर 'एएस पॅटर्न', तिसऱ्यावर 'एसएस पॅटर्न'. आई विचारते, "डॉक्टर, यातला खरा कोणता?"

गंमत अशी की तिन्ही कागद प्रामाणिक असू शकतात. ते कसं, हे समजून घेणं विदर्भातल्या प्रत्येक घराच्या कामाचं आहे. रक्ताच्या आनुवंशिक विकारांवर, त्यातही सिकलसेलवर, आपल्याकडे सत्तर वर्षांहून जास्त काळ संशोधन चाललं आहे. संशोधकाचा निबंध छापून येतो आणि जगभर वाचला जातो. ज्याचं रक्त घेतलं त्याच्या हातात मात्र पुष्कळदा काहीच उरत नाही, आणि उरलंच तर ते वाचता येत नाही. म्हणून आज त्या निबंधांतलं घरी नेण्याजोगं जेवढं आहे, तेवढं सांगतो.

आपला जिल्हा यादीत आहे का?

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी केली. १९५८ मध्ये डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, तेव्हा हा विषय नागपुरात, म्हणजे आपल्या दारात आला. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे राज्यातल्या आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षं हिंडले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ साली त्यांनी आणि डॉ. लिंगोजवार यांनी महाराष्ट्राचं चित्र मांडलं. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या जमातींत वाहकांचं, म्हणजे जनुकाची एकच प्रत बिघडलेली असलेल्यांचं, प्रमाण शंभरात वीस ते पस्तीस. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी पाच हजारांवर रुग्ण असतील असा अंदाज.

या यादीत वर्धा नाही म्हणून सुस्कारा टाकू नका. वर्ध्याच्या एका अंगाला नागपूर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ, खाली चंद्रपूर, आणि आपल्या सोयरिकी तर तिकडेच होतात. जनुकाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी वर्ध्याच्या ग्रामीण भागातल्या सिकलसेलवर २००६ मध्ये निबंध लिहिला, तो उगाच नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोललेली बरी. 'हा अमक्या जातीचा आजार' असं विदर्भात अजून दबक्या आवाजात बोललं जातं. आदिवासींत, अनुसूचित जातींत प्रमाण जास्त आहे, हे खरं. पण इतर मागासवर्गीयांतही वाहक सापडतात. जिथे पूर्वी मलेरियाचा जोर होता तिथे हा जनुक टिकला, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळायचं. पूर्वजांना ज्याने वाचवलं त्याची आपण लाज बाळगायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

कागद वाचायचा कसा

लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं. ते तयार करण्याची आज्ञा आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन प्रती आपल्याला मिळतात. दोन्ही नेहमीच्या असल्या तर 'एए'. एक बिघडलेली असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही बिघडलेल्या असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. बिघाड एवढुसाच, साखळीतला एक दुवा बदललेला. पण प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन आत गोठल्यासारखं होतं, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. दुखणं त्यातून येतं. चांगली पेशी साधारण १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. रक्त कमी होतं ते त्यामुळे. डोळे पिवळे दिसतात तेही त्यामुळेच, आणि त्या पिवळेपणावर काविळीची झाडपाल्याची औषधं पाजण्यात कित्येक मुलांची वर्षं जातात.

आता तपासण्या. गावात, शाळेत, शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन होते ती बहुधा सोल्युबिलिटी टेस्ट. नळी गढूळ झाली की पॉझिटिव्ह. ही स्वस्त आणि झटपट होते आणि चाळणी म्हणून उत्तम आहे. पण चाळणीने गहू चाळले म्हणून पोळी झाली नाही. या टेस्टला वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती फसते, कारण बाळाच्या रक्तात जन्मापासूनचं 'एफ' हिमोग्लोबिन भरपूर असतं. रक्त फार कमी असलेल्या माणसातही ती चुकून निगेटिव्ह येऊ शकते. आणि थॅलेसिमिया, म्हणजे हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक विकार, तर तिला दिसतच नाही.

म्हणून पुढची पायरी लागते: इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. लोकांच्या तोंडी असलेला 'पॅटर्न' तो हाच. एचपीएलसीच्या कागदावर आलेख असतो आणि खाली आकडे. त्यातले चारच आकडे पाहायला शिका: ए, एस, एफ आणि ए-टू. वाहकात 'ए' जास्त आणि 'एस' साधारण तीस-चाळीस टक्के. रुग्णात 'ए' जवळपास नसतोच, 'एस' खूप आणि 'एफ' थोडाफार. 'एस' अजिबात नाही पण 'ए-टू' चार टक्क्यांच्या आसपास किंवा वर, तर तो माणूस बहुधा बीटा थॅलेसिमियाचा वाहक. हा शेवटचा आकडा सगळ्यांत दुर्लक्षित राहतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

पिशवीतल्या त्या तीन कागदांचं कोडं आता सुटतं. मूल आजारी पडलं, चाळणीत पॉझिटिव्ह आलं, हा पहिला कागद. रक्त सहावर होतं म्हणून दोन बाटल्या रक्त चढवलं. आठवड्याने पॅटर्न काढला तर त्यात दात्याचं 'ए' हिमोग्लोबिन मिसळलेलं. लॅबने जे दिसलं ते लिहिलं: एएस. घरच्यांनी पेढे वाटले, औषध सुरूच केलं नाही. वर्षभराने पुन्हा भरती झाल्यावर कळलं, एसएस. चूक यंत्राची नव्हती. 'रक्त कधी चढवलं?' हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही. तेव्हा रक्त चढवलेलं असेल तर तीन महिने थांबून पॅटर्न करा, किंवा बाटली लावण्याआधी नमुना काढून ठेवायला सांगा. दोन्ही जमलं नाही तर आई-वडिलांचा पॅटर्न करा. मुलाचं निदान पुष्कळदा आई-वडिलांच्या कागदावरून उलगडतं.

बाप निगेटिव्ह, मूल एसएस

आता तो ए-टू. ही गोष्ट जरा सावकाश वाचा, कारण यापायी घरं मोडता मोडता राहिल्याचं मी ऐकलं आहे.

आई एएस. वडिलांची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, म्हणून सगळे निश्चिंत. मूल दुखण्याने तळमळतं, पॅटर्न निघतो आणि त्यात 'ए' शून्य. कागदावर एसएस. मग कुणीतरी हिशेब मांडतो की बापात दोष नाही तर मुलात दुसरा दोष आला कुठून? आणि सासरच्या नजरा सुनेकडे वळतात.

थांबा. वडिलांमध्ये थॅलेसिमियाचा जनुक असू शकतो. तो सोल्युबिलिटीत दिसत नाही. आईकडून 'एस' आणि वडिलांकडून थॅलेसिमिया आला की मुलाला 'सिकल-बीटा थॅलेसिमिया' होतो. त्याचा एक प्रकार पॅटर्नवर थेट एसएससारखाच दिसतो. फरक ए-टूच्या आकड्यात आणि लाल पेशींच्या आकारात असतो, आणि वडिलांची एचपीएलसी केली की उत्तर मिळतं. थॅलेसिमिया म्हटलं की सिंधी किंवा लोहाणा कुटुंबंच डोळ्यांसमोर येतात, पण तो तेवढ्यांतच नाही. म्हणून जोडीदाराची नुसती 'सिकल टेस्ट निगेटिव्ह' पुरेशी नाही. एक जण वाहक निघाला की दुसऱ्याची एचपीएलसीच हवी. आणि एवढं करूनही कागद जुळले नाहीत तर संशय आधी लॅबवर घ्या, नमुन्यावरच्या नावाच्या चिठ्ठीवर घ्या, रक्त चढवल्याच्या तारखेवर घ्या. बाईवर सगळ्यांत शेवटी, आणि खरं म्हणजे तेव्हाही नको.

वाहक म्हणजे आजारी नव्हे

एएस असणं हा आजार नाही. त्याला औषध नाही, कारण औषधाची गरज नाही. एएस मुलीचं रक्त आठ भरलं तर दोष सिकलसेलला देऊ नका. बहुतेकदा लोह कमी असतं, तेव्हा लोहाच्या गोळ्या बिनदिक्कत घ्याव्यात. 'सिकल आहे, लोह चालत नाही' हा समज वाहकांच्या बाबतीत चुकीचा आहे. रुग्णाची, म्हणजे एसएसची, गोष्ट वेगळी. त्याला वरचेवर रक्त चढवलं असेल तर शरीरात लोह साठलेलं असू शकतं, म्हणून शाळेत किंवा अंगणवाडीत मिळणारी गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यायची.

वाहकांना एकच सावधगिरी सांगतो. पोलीस भरतीच्या सरावासाठी आपली पोरं वर्ध्याच्या उन्हात धावतात. वाहकाने अतिश्रमात पाणी तोडू नये आणि एकदम जोर वाढवू नये. स्नायू फार दुखले किंवा लघवी लालसर, काळपट झाली की थांबावं आणि दवाखाना गाठावा. असं क्वचित घडतं, पण घडल्यास हलक्यात घ्यायचं नाही.

बोलणीत हा विषय कोण काढणार?

आपल्याकडे बायोडाटा येतो, पत्रिका जुळवतात, गोत्र-देवक पाहतात, शेती किती एकर ते विचारतात. रक्ताचं विचारलं की समोरचे म्हणतात, "आमच्यात असलं काही नाही." मुलीकडच्यांनी विचारलं तर उद्धटपणा ठरतो, मुलाकडच्यांनी विचारलं तर संशय.

माझा सल्ला असा, की लग्न ठरवायला बसण्याच्या वेळी विचारूच नका. त्याआधीच, कॉलेजच्या वयात, पोरांची तपासणी करून ठेवा. आनुवंशिक पॅटर्न बदलत नाही. एकदा नीट निघालेला कागद जन्मभर चालतो. मग बोलणी सुरू झाली की आधी आपला कागद पुढे करायचा. आपण दाखवला की समोरच्याला मागायला संकोच राहत नाही. साक्षगंध झाल्यावर, हॉल ठरल्यावर, पत्रिका छापल्यावर कळलं तर कुणीच मोकळ्या मनाने निर्णय घेऊ शकत नाही.

हिशेब असा आहे. एक एए आणि दुसरा एएस असेल तर मुलं नेहमीची किंवा वाहक होतील, एसएस होणार नाहीत. लग्न बिनघोर करा. एए आणि एसएस असतील तर सगळी मुलं वाहक. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, दोन वाहकाच्या आणि एक पूर्ण नेहमीच्या मुलाची. एक एएस आणि दुसरा एसएस असेल तर निम्मी शक्यता रुग्णाची.

'चारात एक' हे फार जणांना उलटं समजतं. पहिलं मूल एसएस झालं, आता पुढची तिन्ही चांगली, असं नाही. चिठ्ठ्या दर वेळी नव्याने टाकल्या जातात. पहिल्या चिठ्ठीची आठवण दुसरीला नसते.

आणि दोघंही एएस निघाले तर लग्न मोडलंच पाहिजे का? माझ्या मते, तो निर्णय डॉक्टरांचाही नाही आणि मामांचाही नाही, त्या दोघांचा आहे. त्यांना पूर्ण माहिती मिळाली की आपलं काम संपलं. काही जोडपी लग्न करतात आणि पुढची वाट ठरवून ठेवतात.

गरोदरपण: घड्याळ पहिल्याच महिन्यात सुरू होतं

ती वाट म्हणजे गर्भाची तपासणी. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या पेशींचा नमुना घेतात, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल काढतात, आणि बाळाचा जनुक पाहतात. गर्भलिंगनिदानाचा कायदा याच्या आड येत नाही. रक्ताच्या अशा विकारांच्या निदानाला तो मुभा देतो, मात्र मान्यताप्राप्त केंद्रातच. नमुना घेण्याआधी आई आणि वडील दोघांचा जनुकीय दोष नेमका कोणता ते ठाऊक असावं लागतं, त्यात दिवस जातात. पुढे नको असलेला गर्भ काढायचा निर्णय झाला तर कायद्याच्या मुदती आहेत. म्हणून पाळी चुकली की त्याच महिन्यात आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा की आम्ही दोघं वाहक आहोत. सातव्या महिन्यात नाव नोंदवायला गेलात तर हातात फारसं काही राहत नाही.

गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात. नवरे इथे हमखास टाळाटाळ करतात, कापूस वेचणीचं किंवा कामावरच्या सुट्टीचं कारण सांगतात. दोन मिलिलिटर रक्त द्यायचं असतं, एवढंच.

घरात एसएस मूल असेल तर

'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' असं वाक्य जुन्या लिखाणात वारंवार भेटतं. त्याला आधार आहे. आपल्याकडच्या जनुकाचा जो 'अरब-भारतीय' प्रकार आहे, त्यात रुग्णाच्या रक्तात 'एफ' हिमोग्लोबिन जास्त राहतं, आणि ते पेशीला वाकण्यापासून वाचवतं. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी मुंबईच्या राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्थेतल्या डॉ. रोशन कोलाह प्रभृतींसोबत मध्य भारतातल्या नवजात बाळांची तपासणी करून, त्यांचा पुढे पाठपुरावा करून २०१६ मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्यातून दिसलं की इथल्या मुलांचा आजार एकसारखा नाही आणि काहींचा तर चांगलाच तीव्र असतो. यातून आईबापांनी घ्यायचं ते एवढंच: शेजारच्याच्या एसएस पोराला काही होत नाही म्हणून आपल्यालाही होणार नाही, असं धरून चालू नका. संशोधनातली सरासरी गावाची असते, मूल तुमचं असतं.

सहा महिन्यांनंतर बाळाचे हातपाय अचानक सुजले, ते रडायचं थांबेना, तर मुका मार समजून लेप लावत बसू नका; ही बहुधा पहिली खूण असते. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस यांबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. या मुलांची पांथरी नीट काम करत नाही, त्यामुळे जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. ताप १०१ च्या वर गेला की रात्र असो की पोळ्याचा सण, दवाखाना.

पांथरी चाचपायला शिका. डाव्या बरगडीखाली बोटांनी हलकेच दाबून पाहायचं. डॉक्टर किंवा सिस्टर पाच मिनिटांत शिकवतात. मूल एकाएकी पांढरंफटक पडलं, पोट डावीकडे फुगलं, तर पांथरीत रक्त अडकलं असं समजा आणि वाट पाहू नका. तसंच तोंड वाकडं होणं, हातातलं बळ जाणं, छातीत दुखून धाप लागणं. या तिन्हींत घरगुती उपाय नाही.

एरवीच्या दुखण्यात पाणी भरपूर, आराम, ऊब आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने पॅरासिटामॉल. बर्फ लावायचा नाही. गावात मिळणारी दुखण्याची सुई दर आठवड्याला टोचून घेणं किडनीला महागात पडतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो आणि लग्नंही तेव्हाच. एसएस मुलाला वरातीत भर दुपारी नाचवू नका. हिवाळ्यात पहाटे थंड पाण्याने आंघोळ आणि विहिरीत पोहणं, दोन्ही टाळा.

औषधांत मोठं नाव हायड्रॉक्सीयुरियाचं. ते रक्तातलं 'एफ' वाढवतं. परदेशात त्याचा डोस चढवत नेण्याची रीत आहे. वजनाच्या प्रत्येक किलोला वीस मिलिग्रॅम आणि त्याहूनही वर. नागपुरात डॉ. जैन यांच्या गटाने तीव्र त्रास असलेल्या मुलांना किलोमागे दहा मिलिग्रॅमचा ठरावीक डोस देऊन पाहिला. कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसती गोळी हे डॉक्टरांनाही माहीत नसताना हा प्रयोग झाला, आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुखण्याचे झटके, रक्त चढवण्याची वेळ, भरती होणं, सगळंच कमी झालं. दहा मिलिग्रॅम म्हणजे कमी खर्च आणि रक्ततपासणीच्या फेऱ्याही आवाक्यातल्या. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, कारण इथल्या मुलांसाठी इथेच शोधलेलं उत्तर आहे.

पण तुमच्या मुलाचा डोस हा लेख ठरवणार नाही. गुण यायला महिने लागतात, तोवर 'फरक नाही' म्हणून सोडू नका. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावंच लागतं, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. मूल व्हावं असा विचार असेल तर स्त्री-पुरुष दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

मुळापासून बरं करणारा उपाय म्हणून बोन मॅरो प्रत्यारोपण होतं. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली, पण एका रुग्णाचा खर्च वीस लाख डॉलरच्या वर. मोबाइलवर अशा बातम्या येतात आणि पाठोपाठ 'तीन महिन्यांत पॅटर्न बदलून देतो' म्हणणारेही येतात. पॅटर्न झाडपाल्याने बदलत नाही. कुणी चालू औषध बंद करायला सांगितलं तर तिथून उठा.

हक्काचं ते मागा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसिमिया आणि हिमोफिलिया हे तिन्ही आहेत. प्रमाणपत्र रुग्णाला मिळतं, वाहकाला नाही. एसटीचा मोफत प्रवास, दहावी-बारावीच्या पेपरला जादा वेळ, संजय गांधी निराधार योजना, या सवलतींसाठी जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करा. नियम बदलत राहतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती. तुमच्या गावात शिबिर आलं तर ते त्यातलं असू शकेल. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी रुग्णांच्या हक्कांसाठी जन्म घातला, तेव्हा कुठे हे सगळं कागदावर आलं. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

शिबिरात किंवा महाविद्यालयाच्या संशोधनासाठी कुणी रक्त घ्यायला आलं तर जरूर द्या. तुमच्या-आमच्या आजोबांनी दिलं म्हणून आज हे ठाऊक आहे. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणती तपासणी करणार, माझा रिपोर्ट मला लेखी कधी देणार, आणि पॉझिटिव्ह निघालो तर पुढे कुणाकडे जायचं. नाही म्हटलं तरी तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये, हाही तुमचा हक्क आहे. 'तुमचं सगळं ठीक आहे' असं तोंडी उत्तर म्हणजे रिपोर्ट नव्हे.

आणि तो कागद हातात आला की नाव, वय, तारीख तिथेच ताडून पाहा. चकचकीत कागदावरची छपाई वर्षा-दोन वर्षांत उडते, तेव्हा त्याच दिवशी दोन झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. घरात यंदा कुणाचं लग्न ठरायचं असेल तर त्या पोराला किंवा पोरीला या आठवड्यातच सावंगीला, सेवाग्रामला किंवा वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. या तपासणीसाठी उपाशीपोटी जावं लागत नाही.